पोथी मिटायच्या आधी

माझ्या सासूबाई पोथी कधी संपू द्यायच्या नाहीत. वाचायच्या रोज, अंगात ताप असला तरी. पण शेवटचा अध्याय झाला की पोथी मिटायच्या आधी लगेच पहिलं पान काढायच्या आणि पहिल्या अध्यायाच्या सुरुवातीच्या ओव्या म्हणायच्या. मगच पोथी कापडात गुंडाळली जायची. लग्न होऊन नवीन आले होते तेव्हा मी विचारलं, हे असं का? तर म्हणाल्या, "पाहुणा निंगाला तं त्याले 'जा' म्हणतो का आपण? 'या' म्हणतो ना व? तसंच हाये हे. पोथी संपली म्हटली का महाराज उठून चालले जातात."

मी सदाशिव पेठेत वाढलेली. आमच्याकडे देवाला नमस्कार करतात, पण देवाशी एवढी घसट नसते. सासूबाईंची मात्र होती. त्यांचे महाराज वऱ्हाडातले. मुलाच्या नोकरीमागे त्या धायरीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, ते महाराजांना घेऊनच. सकाळी पोथीला बसल्या की उजव्या हाताला एक लोकरीचं आसन रिकामं घालायच्या, महाराजांसाठी. पुढे पाण्याचं भांडं. त्या आसनावरून कोणी चालत गेलं तर खैर नाही. एकदा मी हातात इस्त्रीचे कपडे घेऊन घाईत ओलांडलं, तर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी म्हटलं, बरंच झालं, तेवढीच शांतता.

पक्षाघाताचा झटका आला तोही पोथी वाचतानाच. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. त्यांचा आवाज एका ओवीच्या मध्येच थांबला. मला वाटलं ठसका लागला असेल. पाणी घेऊन बाहेर आले तर त्या बसल्या जागीच कलंडलेल्या, तोंड वाकडं, आणि डोळे त्या रिकाम्या आसनाकडे. सिंहगड रोडवर ॲम्ब्युलन्स ओरडत होती आणि पुढच्या गाड्या जागच्या हलत नव्हत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी माणसाला खिडकीतून शिव्या घातल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, उजवी बाजू गेलीये आणि वाचाही गेलीये. "समजतं किती, ते आत्ता सांगता येणार नाही. एक मात्र लक्षात ठेवा, अशा पेशंटच्या तोंडून कधीकधी पाठ असलेलं काहीतरी अचानक बाहेर पडतं. गाणं, स्तोत्र, पाढे. त्याचा अर्थ त्या समजून बोलल्या असा धरू नका." आम्ही माना डोलावल्या. आत गेलो तर सासूबाईंनी डाव्या हातानं माझं मनगट असं काही धरलं की बांगडी रुतली. तोंडातून नुसते घोगरे आवाज. मला काही कळेना. नवऱ्याला कळलं. म्हणाला, "पोथी अर्धी राहिलीये, म्हणून सांगतेय ती."

आता पोथी वाचणार कोण? नवऱ्याची चाकणची कंपनीची बस उजाडायच्या आत येते. राहता राहिलं कोण? कपाळ माझं! मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते, सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये. दुपारनंतर जायचं असतं, सकाळ मोकळी. नवऱ्याला म्हटलं, "वाचेन, पण माझा विश्वास वगैरे नाही हं. औषध देते तसं वाचेन." तो म्हणाला, "औषधावर तरी कुठे विश्वास लागतो?" एवढं एकच वाक्य तो त्या आठवड्यात धड बोलला.

तर मी वाचायला लागले. त्यांना घरी आणलं होतं, मागच्या खोलीत भाड्यानं आणलेला दवाखान्याचा कॉट टाकला होता. डावी बाजू भिंतीला, उजवीकडे लोखंडी कठडा. नाकात नळी. दिवसा एक मावशी यायच्या, धायरी गावातल्याच. मी बाहेरच्या खोलीत आसन घालून, भांडं भरून, भरभर वाचून मोकळी व्हायची. माझ्या आवाजात भक्ती नव्हती की काही नव्हतं, वर्गात प्रश्नपत्रिका वाचून दाखवतात तसं वाचायचे.

एके दिवशी सकाळची जादा तासिका लावली होती आणि मला स्वारगेटची बस गाठायची होती. अध्याय लांबलचक. कोण बघतंय, असं म्हणून मी दोन पानं एकदम उलटली. आतून आवाज आला. टक टक टक. लोखंडावर बोटाचं पेर आपटल्यासारखा. मी उठून गेले. सासूबाई डोळे मिटून पडलेल्या, आणि त्यांचा उजवा हात कठड्यावर. गेलेला हात. थोड्या वेळापूर्वी मीच तो उचलून उशीवर ठेवला होता. पुन्हा उशीवर ठेवला, बाहेर येऊन पुढे वाचायला लागले, तर पुन्हा टक टक टक. मग गाळलेली पानं काढून तिथून वाचलं. आवाज बंद. बस अर्थातच चुकली.

मी गणिताची बाई. एका उदाहरणावरून नियम मांडत नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम एक ओवी गाळली. टक टक टक. त्याच्या दुसऱ्या दिवशी दार लावून घेतलं आणि अगदी पुटपुटत वाचलं, एक ओळ गाळली. टक टक टक. मग मला जे सुचलं ते सुचायला नको होतं. मी तोंड बंद करून मनातल्या मनात वाचलं. घरात आवाज म्हणून नाही, नुसता फ्रिज घुरघुरतोय. आणि मनातच एक ओवी सोडून पुढे गेले. टक. टक. टक. सावकाश आले ते तीन ठोके, दम भरल्यासारखे.  मोठ्यानं, थरथरत्या आवाजात, सुटलेली ओवी वाचली आणि पुढे पूर्ण अध्याय न चुकता वाचला.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, स्नायू आपोआप उडतात. मी विचारलं, "ओवी गाळल्यावरच?" तर म्हणाले, "तुम्हाला झोप मिळतेय ना नीट?" मी फोन ठेवून दिला. मला वेडी ठरवायला माझं सासर पुरेसं होतं, त्यासाठी फी कशाला द्यायची?

त्यानंतर मी आसन त्यांच्या खोलीतच घालू लागले. म्हटलं, जे काय व्हायचं ते डोळ्यांसमोर होऊ दे. ठोके पुन्हा कधी आले नाहीत, कारण मी पुन्हा कधी काही गाळलं नाही. पण त्या खोलीत मी एकटी वाचतेय असं मला एकदाही वाटलं नाही. वाचून झाल्यावर आसन घडी घालायला उचललं की मध्यभागी लोकर दबलेली असायची. मी ती तळहातानं उलटीकडून घासून उभी करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. कामाच्या मावशी दाराशीच थबकायच्या आणि भिंतीला चिकटून, आसनाला वळसा घालून कॉटपाशी जायच्या. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "ताई, कुणी बसलेलं असलं की वलांडू नये, एवढं कळतंय मला." आणि पावडरचा डबा मागितला.

आता एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे, नाहीतर लबाडी होईल. या रोजच्या वाचण्यानं माझ्यात काहीतरी बदललं. गजर न लावता जाग यायला लागली. आंघोळ करून पोथीपुढे बसलं की दिवसभराची जी एक वटवट डोक्यात चालू असते, ती बंद व्हायची. वर्गात पोरांवर खेकसणं कमी झालं, एका पोरीनं तर विचारलं, "मॅडम, बरं नाहीये का?" नवरा म्हणाला, जीभ जरा मऊ झालीये तुझी. मी म्हटलं, फार खूश होऊ नका. पण खरं होतं ते. विश्वास होता की नव्हता, देव जाणे. पण रोज त्याच वेळी, त्याच जागी, तेच करायचं, यात एक ताकद असते आणि ती तुमची परवानगी विचारत नाही. आणि याचंच मला भय वाटायचं. कधीकधी वाचता वाचता मला ऐकू यायचं की एखाद्या शब्दावर मी अगदी सासूबाईंसारखा हेल काढलाय. तो वऱ्हाडी हेल माझ्या पेठी जिभेवर आला कुठून? मी थांबायचे, पाणी प्यायचे, घसा खाकरायचे, पण पुढच्या ओळीला तो पुन्हा यायचा.

सासूबाई मात्र खंगत चालल्या होत्या. पाठीला जखमा झाल्या, कितीही कूस बदलली तरी. ड्रेसिंग करताना त्यांच्या घशातून जो आवाज निघायचा तो ऐकून नवरा गॅलरीत जाऊन उभा राहायचा. पाय काटक्या झाले. भेटायला येणारा प्रत्येक माणूस निघताना चपला घालत एकच वाक्य म्हणायचा: आता सुटायला पाहिजेत हो त्या. मीही म्हणायला लागले होते.

मग अकोल्याहून त्यांची धाकटी बहीण आली. तीही महाराजांचीच, तिचाही नेम. दोन दिवस ती माझं वाचन बघत बसली. पोथीचा शेवट झाला, मी नेहमीप्रमाणे पहिलं पान काढून सुरुवातीच्या ओव्या म्हटल्या, पोथी मिटली. ती माझ्यामागून स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं.

"तू धरून ठेवलं तिले, पोरी."

"मी?"

"मंग कोन? पोथी संपते आन् तू लगेच सुरू करून देतं. महाराज उठतच नाहीत, तं तिले नेतीन कसे? जीव अडकला तिचा. पुढच्या खेपेले नको वाचू त्या पहिल्या ओव्या. पोथी मिटव, नमस्कार कर, म्हण, महाराज, घेऊन जा. सुखानं जाईन माझी बहीण."

मी म्हटलं, "मावशी, मी गणित शिकवते. असं काही नसतं."

"तुया गणितात तिच्या पाठीवरची जखम बसते का?" असं म्हणून ती डोळ्यांना पदर लावून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या गाडीची वेळ होती. जाताना बहिणीच्या पायांवर डोकं ठेवून खूप वेळ तशीच राहिली.

मी हसण्यावारी न्यायला बघितलं, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ठोके मी ऐकले होते. दबलेली लोकर मी रोज घासत होते. मग एवढं खरं आणि तेवढं खोटं, असं कसं म्हणणार? संध्याकाळी जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ताटातल्या भाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर."

"अहो, आई कोणाची आहे?"

"वाचतेस तू."

"वा! म्हणजे वाचलं तर माझ्यामुळे खितपत पडल्या, आणि नाही वाचलं तर माझ्यामुळे गेल्या. छान वाटणी केलीत." मी ताट उचलून आत गेले. तो तिथेच बसून राहिला. थोड्या वेळानं पाहिलं तर तो रडत होता, आवाज न करता. मला इतका राग आला होता आणि त्याच वेळी त्याची इतकी दया आली, की मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हाच माझं ठरलं. आईंना सोडवायचं. निदान आपल्या बाजूनं दार उघडायचं.

अध्याय पुढे सरकत गेले. शेवटचा अध्याय आला त्या सकाळी मी आईंचं अंग पुसलं, केस विंचरून वेणी घातली, धुतलेलं पातळ पांघरलं. नवरा कामाला जाताना त्यांच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता गेला. कामाच्या मावशींना मी उशिरा यायला सांगितलं होतं. आसन घातलं. भांडं भरलं. वाचायला बसले.

शेवटचा अध्याय मी कधी वाचला नव्हता इतका सावकाश वाचला. शेवटची ओवी झाली. बोट सवयीनं पहिल्या पानाकडे गेलं, ते मी मागे घेतलं. पोथी मिटली. कापड गुंडाळलं. हात जोडले. 'महाराज, घेऊन जा' हे मोठ्यानं म्हणवेना, म्हणून मनात म्हटलं.

बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली आणि मग सगळं गप्प झालं. रस्त्यावरचा आवाजही येईना. माझी नजर उजवीकडे गेली. आसनावरची दबलेली लोकर हळूहळू वर येत होती. सोफ्यावरून माणूस उठलं की गादी कशी वर येते, तशी. मी बघत होते.  मग माझ्या आणि कॉटच्या मधून काहीतरी गेलं. पडदा हलला नाही, माझा पदर हलला नाही, पण गेलं. माझ्या उजव्या अंगावर काटा आला, डाव्या अंगावर नाही.

आणि कॉटवरून आवाज आला.

गंजलेली बिजागरी करकरावी तसा पहिला शब्द. मग दुसरा. पोथीची पहिली ओवी. माझ्या सासूबाई म्हणत होत्या. जी बाई इतके महिने 'आ' म्हणू शकली नव्हती, ती एकही अक्षर न चुकवता ओवी म्हणत होती, एकीमागून एक, घाईघाईनं, धापा टाकत, कोणीतरी दाराबाहेर पडायच्या आत त्याला गाठायचं असावं तशी. सुरुवातीच्या सगळ्या ओव्या म्हणून झाल्या आणि त्या थांबल्या. डोळे सताड उघडे. माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या.

डॉक्टरांचं बोलणं मला आठवलं. पाठ असलेलं बाहेर पडतं, अर्थ धरू नका. मी स्वतःला तेच सांगत होते. नेम बोलतोय, आई नाही. इतक्या वर्षांची सवय आहे, ती चालू राहते, घड्याळासारखी. मी कठड्यावर वाकले आणि तरीही विचारलं, "आई, तुम्हाला जायचंय ना? सुटायचंय ना यातून?"

 मग ओठ हलले. एक एक अक्षर ओढून काढल्यासारखं.

"भेव... लागते."

हे कुठल्या पोथीत नाही. हे पाठ करून कोणी ठेवत नाही. आयुष्यभर महाराजांच्या शेजारी बसलेली बाई, त्यांना पाणी ठेवणारी, त्यांच्याशी भांडणारी, आणि तिला त्यांच्याबरोबर जायची भीती वाटत होती. लहान मुलीसारखी. आणि आम्ही सगळे, चपला घालता घालता, तिच्या वतीनं ठरवून मोकळे झालो होतो. बहिणीनं ठरवलं, मुलानं माझ्यावर ढकललं, मी वेणी घालून तयार केलं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. मला हुंदका आवरेना. "आई, चुकलं माझं," म्हणाले, "चुकलं हो."

त्यांची नजर माझ्या मागेच होती. खोली अजून तशीच गप्प होती. मागे कोणी होतं की नव्हतं, मला माहीत नाही. वळून बघायची माझी छाती झाली नाही. पण मला राग आला, खराखुरा, पेठेतला. तशीच पाठमोरी, वर्गातल्या मुलांना दटावते त्या आवाजात म्हणाले, "महाराज, बसा खाली. यांना एवढ्यात यायचं नाहीये."

मग कठडा खाली केला, कॉटवर त्यांच्याजवळ बसले, पोथीचं कापड सोडलं आणि पहिला अध्याय मोठ्यानं वाचायला घेतला. त्यांनी डाव्या हातानं माझी बोटं धरली.  खरं सांगते, त्या वेळी मलाही भीती वाटत होती, त्यांच्याइतकीच. एकमेकींना धरून आम्ही दोघी वाचत राहिलो.